जस्ताचं पान आणि मागे घेतलेला आकडा

मंडळी, मागच्या नोंदीला सात आठवडे झाले. एवढ्या दिवसांत द्रावणातून वीज सोडून जस्ताची फांद्याफांद्यांची २३ पानं वाढवली, त्यातली नऊ मोजायच्या लायकीची निघाली. मागच्या वेळी मी मोठ्या आनंदात लिहिलं होतं की माझ्या पानाची फ्रॅक्टल मिती (रेघेची १, भरलेल्या पृष्ठभागाची २; फांद्यांचा पसारा जागा किती भरतो ते सांगणारा मधला आकडा) १.७१ आली. तो आकडा आज मी मागे घेते आहे. कशामुळे, ते सविस्तर सांगते.

नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडक्यात. काचेच्या पसरट ताटलीत झिंक सल्फेटचं द्रावण, कडेने जस्ताच्या पट्टीचं कडं म्हणजे धनाग्र, आणि मधोमध पेन्सिलीचं ०.५ मिलिमीटरचं शिसं म्हणजे ऋणाग्र. तीन व्होल्ट दिले की शिशाभोवती जस्त जमू लागतं, पण गोळा होऊन नव्हे. फांद्या फुटतात, फांद्यांना फांद्या फुटतात. द्रावणात भटकणारा जस्ताचा आयन, म्हणजे विजेचा भार असलेला अणू, आत शिरायच्या आधीच बाहेर आलेल्या एखाद्या टोकाला लागतो आणि तिथेच बसतो. त्यामुळे टोकं वाढत राहतात, आतल्या खाचा उपाशी राहतात. विटन आणि सँडर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हाच खेळ संगणकावर मांडला होता: एक एक कण वाट फुटेल तिकडे भटकत येतो आणि जिथे पहिल्यांदा लागेल तिथे चिकटतो. सपाट पृष्ठभागावर अशा पुंजक्याची मिती सुमारे १.७१ येते. जपानमध्ये मात्सुशिता आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये खरोखरीच्या जस्ताची पानं वाढवली आणि १.६६ मोजली. माझं सगळं काम त्यांच्याच पावलावर पाऊल टाकून चाललं आहे.

पहिली चूक द्रावणातच झाली होती. २ मोलर (लिटरमागे दोन मोल) द्रावणाच्या १०० मिलिलिटरला सात पाणी असलेलं, म्हणजे स्फटिकात पाण्याचे सात रेणू धरून ठेवलेलं, झिंक सल्फेट ५७.५ ग्रॅम लागतं. मी नर्सरीतून खताची पिशवी आणली आणि तेवढंच वजन करून घातलं. पिशवीवर ३३ टक्के जस्त छापलेलं होतं, तिकडे माझं लक्षच गेलं नाही. ३३ टक्केवालं म्हणजे एकच पाणी असलेलं. २१ टक्केवालं ते सात पाण्याचं. म्हणजे एप्रिलमधली सगळी पानं तीन मोलरच्या आसपास वाढली. आता मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून प्रयोगशाळेच्या प्रतीचं आणलं आहे. खताच्या पिशवीवरून करणाऱ्यांनी तो टक्का आधी वाचा.

दुसरी अडचण आमच्या घराची. घर मध्य रेल्वेच्या रुळांना लागून आहे. उघड्या ताटलीत द्रावण ठेवलं आणि खालून दिवा लावला की फास्ट लोकल गेल्यावर पाण्यावर उठणारे तरंग डोळ्यांना दिसतात. पान वाढत असताना द्रावण हलणं म्हणजे आयनांचं भटकणं बिघडणं. त्यावर दोन उपाय केले. एक, ताटलीवर ॲक्रिलिकची चकती टेकवली, खाली ०.५ मिलिमीटरची फट ठेवून. शिसं चकतीच्या भोकातून खाली उतरतं. इतक्या पातळ थरात द्रावणाचे आपसूक होणारे प्रवाहही बरेच दबतात, हा मोठाच फायदा झाला. दुसरा उपाय म्हणजे वेळ बदलली. शेवटची लोकल गेल्यावर पहाटेची पहिली सुटेपर्यंत जो निवांतपणा मिळतो त्यात, साधारण दीड ते साडेतीन, मी बसते. एका पानाला वीसेक मिनिटं लागतात. रात्री दोन वाजता स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते करडं पान दिव्याच्या उजेडात हळूहळू पसरताना बघणं, याला मी आजवर केलेल्या कशाचीच सर नाही.

व्होल्टेज वाढवून पाहायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. सहा-सात व्होल्टवर सरळसोट कणे निघतात, त्यांना दोन्ही बाजूंनी नेचाच्या पानासारखे हात फुटतात, शिवाय हायड्रोजनचे बुडबुडे अडकतात. दिसायला फार देखणं, पण ती वेगळी वाढ आहे, तिला १.७१ च्या पंगतीत बसवू नये.

आता मुख्य मुद्दा, मोजणी. फोटोवर चौकटींची जाळी टाकायची, पान शिवलं गेलेल्या चौकटी मोजायच्या, चौकट लहान लहान करत जायचं आणि लॉग-लॉग आलेखावरच्या रेघेचा उतार घ्यायचा. माझा प्रोग्राम आधी कॉखच्या वक्रावर, म्हणजे मिती गणिताने नेमकी ठाऊक असलेल्या एका आकृतीवर, तपासला होता. त्याची खरी मिती १.२६१९, मला १.२७ मिळाली; म्हणजे गणित ठीक होतं. घोळ फोटोत होता. दिवा वरून असल्यामुळे प्रत्येक फांदीची सावली काचेखाली पडत होती. काळं कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं ती सीमा (० काळं, २५५ पांढरं अशा मापावर) ९० वर ठेवली तर मिती १.६०, १४० वर ठेवली तर १.७४. सावलीने फांद्या जाड होतात, बारीक खाचा बुजतात, मिती वर सरकते. आणि मला १.७१ हवी होती म्हणून नकळत मी सीमा तिथे नेऊन ठेवली होती. हे कबूल करताना वाईट वाटतं, पण वहीत स्पष्ट दिसतं आहे: तो आकडा मिळाल्यावर मी पुढे शोधलंच नाही.

आता ताटलीखाली एलईडीचा पॅनल आणि त्यावर बटर पेपर ठेवते. सावली नाही. सीमा ९० ते १४० कुठेही ठेवली तरी फरक ०.०२ च्या आत. नऊ पानांची मिती १.६१ ते १.६८ मध्ये येते.

पण त्याहून महत्त्वाचं मला रेघेबद्दल कळलं. माझं पान सुमारे ६० मिलिमीटर रुंद, फांदीची जाडी ०.३ च्या आसपास. ०.६ मिलिमीटरपेक्षा लहान चौकट घेतली की ती फांदीच्या जाडीच्या जवळ येते आणि उतार वाकतो. १५ मिलिमीटरच्या पुढे चौकटी इतक्या थोड्या उरतात की उताराला अर्थ राहत नाही. मध्ये उरतं काय, तर पंचवीस पटींचा पल्ला, दहाच्या घातात सांगायचं तर १.४. मी खट्टू झाले होते. मग १९९८ मधला अवनीर आणि सहकाऱ्यांचा ‘सायन्स’मधला लेख आठवला: प्रयोगांतून जाहीर झालेल्या फ्रॅक्टलांचा पल्ला त्यांनी तपासला, तर सरासरी दहाच्या १.३ घातांएवढाच निघाला. म्हणून माझी आग्रहाची विनंती: मितीचा आकडा लिहाल तिथे कुठल्या मापापासून कुठल्या मापापर्यंत रेघ सरळ होती हेही लिहा. त्याशिवाय एकाचं पान दुसऱ्याच्या पानाशी ताडता येत नाही. केंद्रापासून त्रिज्या वाढवत पिक्सेल मोजण्याची पद्धतही चालवून पाहिली, तिथे १.६६ आली; मात्र बाहेरचा तिसरा हिस्सा सोडून द्यावा लागतो, कारण तिथे पान अजून भरत असतं.

मध्ये एक रविवार ठाणे खाडीकाठच्या भांडुप पंपिंग स्टेशनला गेले. ओहोटीला तिवरांमधल्या चिखलात जे ओहळ उघडे पडतात ते थेट माझ्या पानासारखे दिसतात. ओहळांची रुंदी बदलत जाते म्हणून उपग्रहाच्या चित्रातून नुसत्या मध्यरेषा काढल्या आणि मोजल्या, १.५ च्या आसपास उतार आला. पण चित्र फिरवून दाखवलं तर कोणतं कशाचं ते ओळखू येणार नाही, एवढ्यावरून दोन्ही गोष्टी एक ठरत नाहीत. जस्त बाहेरून येऊन बसतं. चिखल ओहोटीच्या ओढीने खरवडून निघतो आणि तोच ओहळ भरतीला उलटा वाहतो. मिती सारखी आली असती तरी कारण सारखं ठरलं नसतं.

त्याच खाडीमुळे आणखी एक सांगायचं आहे. वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, पाण्यातल्या जिवांना जस्त घातक आहे. मी ते कॅनमध्ये साठवते, धुण्याचा सोडा घालते, पांढरा साका खाली बसला की गाळून वेगळा बांधून ठेवते. हातमोजे आणि चष्मा हवाच.

पाऊस लागला आहे, त्यामुळे एक जुनी इच्छा पुन्हा वर आली. भौतिकशास्त्रज्ञ लव्हजॉय यांनी १९८२ मध्ये ढगांचा आणि पावसाच्या पट्ट्यांचा परीघ त्यांच्या क्षेत्रफळाशी ताडला, मिती १.३५ आली, आणि ती १ चौरस किलोमीटरपासून दहा लाख चौरस किलोमीटरच्या पुढेपर्यंत टिकली. त्यांच्या ढगांच्या चित्रांत हिंदी महासागरावरचे ढग होते. माझ्या पंचवीस पटींपुढे तो पल्ला पाहा! हवामान खात्याची उपग्रहचित्रं रोज जमा करायला सुरुवात केली आहे, जुलैअखेर मोजायला घेईन.

तोवर पुढचं पान शनिवारी रात्री. तीन व्होल्ट, दोन मोलर, फक्त फट पाव मिलिमीटरवर आणायची आहे. फट राखायला चकतीखाली ठेवायची तेवढ्या जाडीची, द्रावणात न फुगणारी पट्टी कोणी वापरली असेल तर कोणती ते कळवा.