१, १७, ३३, ४९

परवा माझा डीजेचा शो आहे आणि आज रात्री मी जमिनीवर मांडी घालून चार पार लाईटांसमोर, म्हणजे रंग बदलणाऱ्या स्टेजच्या दिव्यांसमोर, बसलोय. इतके दिवस सगळं साउंड मोडवरच चाललं होतं, म्हणजे लाईटच्या पोटातला बारका माइक बास ऐकतो आणि लाईट आपापला उड्या मारतो, आपल्याला काही बघायला नको. पण मागच्या शोला एक संथ गाणं लावलं, दोघंच मध्ये नाचत होते आणि मागे माझे चारही पार लाल हिरवे लाल हिरवे, मला तर तिथेच लाज वाटली. म्हणून शेवटी डीएमएक्स कंट्रोलर घेतलाच, म्हणजे वायरवरून लाईटना हुकूम देणारा डबा. १९२ चॅनलवाला साधा (चॅनल म्हणजे लाईटची एकेक गोष्ट, लाल किती, उजेड किती), १२ फिक्स्चरची म्हणजे लाईटची बटणं, ८ फेडर म्हणजे वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या.

पहिले दोन तास अ‍ॅड्रेसमध्येच गेले, म्हणजे कुठल्या लाईटने कितव्या चॅनलपासून ऐकायचं त्या आकड्यात. माझे पार ७ चॅनलचे, त्यामुळे मी शहाणपणा करून १, ८, १५, २२ असे चिकटून अ‍ॅड्रेस दिले, एकही चॅनल वाया नको म्हणून. मग कंट्रोलरवर पहिल्या फिक्स्चरचं बटण दाबून आठवा फेडर वर केला तर दोन नंबरच्या पारचा डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करणारा चॅनल, हलला. पेज बदलून (म्हणजे तेच ८ फेडर आता ९ ते १६ चॅनलना) सातवा वर केला तर तिसरा पेटायच्या तयारीत. आधी वाटलं डबाच खराब निघाला, चार शिव्या पण घातल्या त्याला. मग डोक्यात प्रकाश पडला की या डब्याचं प्रत्येक बटण १६ चॅनलचं असतं, लाईटला ते लागोत न लागोत, १२ गुणिले १६ म्हणजेच तर ते १९२. म्हणजे अ‍ॅड्रेस हवेत १, १७, ३३, ४९. प्रत्येक पारमागे ९ चॅनल रिकामे राहतात, राहू देत.

तीन पारना डिस्प्ले आहे, ते पाच मिनिटांत झाले. चौथा जुना, त्याला मागे डिप स्विच, म्हणजे बारक्या स्विचांची रांग. एकेका स्विचची किंमत दुप्पट होत जाते, १, २, ४, ८, १६, ३२, आणि आपल्याला हव्या आकड्याची बेरीज जुळवायची. ४९ म्हणजे १ अधिक १६ अधिक ३२, म्हणजे पहिला, पाचवा आणि सहावा स्विच वर. स्विच इतके बारीक की नखाने जमेना, शेवटी संपलेल्या पेनाच्या टोकाने ढकलले. (हे लिहून ठेवतोय कारण शोच्या दिवशी अंधारात मला हे नक्की आठवणार नाही.)

तरी चौथा पार मधूनच फडफडत होता. धाकटा भाऊ दारातून डोकावून म्हणाला, "दादा, त्याला थंडी वाजतीये का?" हसलो, पण चिडलो पण होतो. शेवटी वायर बघितली तर तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये मी माइकची केबल टाकलेली. दिसायला तीच, तीन पिनचा तोच एक्सएलआर प्लग, पण डीएमएक्सला साधारण ११० ते १२० ओहमची केबल लागते, माइकची त्या हिशोबाने बनवलेलीच नसते. ती बदलल्यावर बरंच थांबलं, पूर्ण नाही. मग एका जुन्या मेल (पिनवाल्या) प्लगमध्ये २ आणि ३ नंबर पिनच्या मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर सोल्डर केला आणि शेवटच्या पारच्या आउटमध्ये खोचला. सिग्नल लाइनच्या टोकाला आपटून मागे फिरतो आणि नव्या सिग्नलमध्ये मिसळतो, तो इथे जिरतो. दहा मिनिटं टक लावून बघत बसलो, एकदाही फडफडला नाही.

सीन, म्हणजे एकेका बटणावर साठवलेली लाईटची मांडणी, मात्र पटापट झाले. एका हाताने मिक्स करताना दुसऱ्या हाताला आठच्या वर बटणं झेपणार नाहीत, म्हणून एकच बँक (आठ सीनचा गट) भरली आणि बाकीच्या २९ तशाच सोडल्या. पहिल्या सीनला ऊबदार पिवळसर, लाल पूर्ण २५५, हिरवा ९० च्या आसपास, निळा शून्य, लोक बोलत बसलेले असताना हा. संथ गाण्याला नुसता मंद निळा, काही हलणार नाही. नाचायच्या गाण्यांना चेस, म्हणजे एकामागून एक आपोआप बदलणारे सीन, पण आधी दर ठोक्याला रंग बदलत होता आणि १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) ते डोळ्यांना सोसेना, म्हणून चार ठोक्यांना एकदा केला, म्हणजे दोन सेकंदांना जरासं कमी. स्ट्रोब, म्हणजे झपाझप उघडझाप, शेवटच्या बटणावर, मुद्दाम लांब, कारण गर्दीत कुणाला त्याने फीट येऊ शकते आणि आपल्याला ते आधी कळायचा मार्ग नाही. दोनचार सेकंद, बस.

दीड वाजता सगळं बंद केलं आणि खात्री म्हणून परत चालू केलं तर मिट्ट काळोख. कुठलाही फेडर वर करा, काही नाही. सगळं पुसलं गेलं की काय म्हणून घाम फुटला, मॅन्युअल शोधायला उठलो आणि तेवढ्यात दिसलं की ब्लॅकआउटचा (सगळे लाईट एकदम बंद करणाऱ्या बटणाचा) बारका लाल दिवा लुकलुकतोय, हा डबा चालू होतानाच ब्लॅकआउटमध्ये उठतो. दाबलं, सगळे सीन जागच्या जागी. पांढऱ्या टेपचा तुकडा त्या बटणाखाली चिकटवला आणि मार्करने लिहिलं, "आधी हे दाब".