तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना बाहेर का पाठवते

"मॅडम, दर वर्षी चांगली चांगली पोरं हेरून बाहेर पाठवता. ती परत येत नाहीत. आपल्या विभागाला त्यातून काय मिळतं?"

सर, मागच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये तुम्ही हे विचारलंत. तुमच्याआधी प्राचार्यांनी विचारलंय, पालकांनी विचारलंय, एका माजी विद्यार्थ्यानेसुद्धा. दर वेळी "त्यांचं भलं होतं हो" एवढंच म्हणून मी तासाला निघून गेले. तुमची तेवढ्यावर बोळवण करणं बरोबर नाही. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, आणि एमएस्सीच्या जागा रिकाम्या राहिल्या की सगळ्यात आधी तुमचे तास जातात.

मी कुणाला फितवत नाही. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात २००४ पासून पदवीच्या मुलांना संशोधनाची ओळख करून देणारा एनआययूएस हा उपक्रम चालतो. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराजच्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. विद्यावेतन मिळतं, रेल्वेचं भाडंही मिळतं. गणितवाल्यांसाठी १९९३ पासून एमटीटीएस हे उन्हाळी प्रशिक्षण शिबिर आहे. यातलं काहीही पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी राखीव नाही. आपल्या पोरांचे अर्जच जात नाहीत. अकादमीची मुदत साधारण नोव्हेंबरात संपते. त्या वेळी आपला विद्यार्थी घरी कापूस वेचत असतो. आपल्याला काय करायचंय ते थोडक्यात लिहायचं असतं आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. ते मागायला त्याची जीभ रेटत नाही.

विभागाला काय मिळालं म्हणता, तर न्यूटन रिंग्जचा प्रयोग आठवा: काचेवर ठेवलेल्या भिंगात दिसणारी प्रकाशाची कडी मोजायची आणि भिंगाच्या वक्रतेवरून तरंगलांबी काढायची. सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम यायला हवी हे पोरांना आधीच पाठ असतं, आणि जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, ती येतेच. मानखुर्दला जाऊन आलेल्या एका मुलाची साडेसहा हजाराच्या आसपास आली. मी म्हटलं, पुन्हा घे. त्याने पुन्हा घेतली, तेवढीच आली. खाडाखोड करायला तो तयार होईना. स्फेरोमीटर मागून घेतला, भिंगाची वक्रता स्वतः मोजली, तेव्हा कळलं की डबीवर लिहिलेला वक्रतेचा आकडा एका भिंगाचा अन् आत भिंग दुसरंच. त्याआधीच्या कितीतरी बॅचेसनी त्याच भिंगावर ५८९३ काढून दाखवलं होतं! सर, हे त्याला बाहेर कुणी सांगितलं नव्हतं. मोजलेलं जसं आहे तसं लिहायचं आणि जुळलं नाही तर का ते शोधायचं, एवढी सवय तो घेऊन आला. त्या वर्षी आपल्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या डब्या पुन्हा तपासल्या गेल्या. याला विभागाला मिळणं म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

पण माझ्या मनात या मुलापेक्षा जास्त जागा एका मुलीने अडवली आहे. ती कुठेच गेली नाही.

द्वितीय वर्षाला होती. वडील काळीपिवळी चालवायचे. अकादमीच्या अर्जासाठीचं तिचं लिखाण चार वेळा फाडून पाचव्यांदा जमलं. उन्हाळ्याच्या तोंडावर निवडीचा मेल आला: बंगळूरची संस्था, प्रकाशशास्त्राची प्रयोगशाळा, दोन महिने. घरचे अडवतील असं मला वाटलं होतं. वडील स्वतः कॉलेजात आले. पोरगी राहणार कुठे, तिथं बाई माणूस कोण, जेवण कसलं, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तिकीट मीच काढतो." काढलंही. तिच्या आजीने शेंगदाण्याची चटणी कुटली, धपाट्यांचं पीठ बांधून ठेवलं.

मग परीक्षेचं वेळापत्रक पुढे ढकललं गेलं.

मी परीक्षा विभागात गेले. तिथले गृहस्थ सभ्य होते; पाणी विचारलं, पत्र वाचलं, म्हणाले, "एका विद्यार्थिनीसाठी काही करता येत नाही हो." खोटं नव्हतं ते. बंगळूरच्या प्राध्यापकांना कळवलं, त्यांनी पंधरा दिवस उशिरा यायला परवानगी दिली. तिकीट बदललं. वेळापत्रक पुन्हा बदललं. आता तिचे दोन पेपर आणि प्रात्यक्षिक जूनमध्ये गेले. त्यानंतर निघायचं म्हटलं तर दोन महिने उरतच नव्हते.

ती माझ्या घरी आली. उंबऱ्यातच उभी राहून विचारलं, "मॅडम, पेपर सोडू का?"

मी म्हटलं, पेपर दे. विषय राहिला असता तर शिष्यवृत्ती अडकली असती, आणि विषय राहिलेल्या मुलीला घरात दुसऱ्यांदा कोण बाहेर पाठवतं? आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. तिने पेपर दिले. पुढच्या नोव्हेंबरला मी अर्ज पुढे केला, तिने घडी घालून वहीत ठेवला आणि भरला नाही. आज ती तलाठी आहे. गेल्या वर्षी उताऱ्याच्या कामासाठी गेले तेव्हा तिनेच ओळखलं, चहा मागवला. म्हणाली, "बरंच झालं मॅडम, घराजवळ आहे." चेहऱ्यावरून तरी ती सुखात दिसली. तिचं नुकसान झालं असं म्हणायचा मला काय अधिकार?

नोकरीला लागले तेव्हा माझं ठाम मत होतं की हुशार पोराला वाट सापडतेच, शिक्षकाने मध्ये लुडबुड करू नये. त्या वेळची मी आज समोर आली तर विचारेल, "दाखवलंस कशाला तिला? माहीतच नसतं तर दुखलं नसतं." तिला मी सांगते की मुदतीची तारीख कळणं, पत्रावर सही मिळणं, परीक्षा ठरल्या दिवशी होणं, यात हुशारीचा काही संबंध नाही, हे कुणीतरी करावं लागतं. ती म्हणते, पहिल्या दोन गोष्टी तुझ्या हातात, तिसरी नाही, मग आशा कशाच्या जोरावर लावतेस? इथे मी अडते. अजूनही अडते. तरी दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मुदतीची तारीख फळ्यावर लिहितेच.

आणि तुमचं म्हणणं खरं आहे. गेलेली बहुतेक मुलं आयसरसारख्या केंद्रीय विज्ञानसंस्थेकडे किंवा आयआयटीकडे वळतात, आपल्या एमएस्सीला येत नाहीत. "आविष्कार" या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेच्या जिल्हा फेरीला पोस्टर घेऊन उभं राहील असं पोरगं शोधावं लागतं. तुमचे तास कमी झाले तर त्याची भरपाई माझ्याजवळ नाही. पण तास टिकावेत म्हणून एखाद्या पोराला तारीख सांगायची नाही, हे माझ्याच्याने होणार नाही. वेळापत्रक जानेवारीत जाहीर व्हावं आणि पाळलं जावं, यासाठी मी दर वर्षी लेखी देते आहे. यंदा त्या पत्रावर तुमचीही सही असती तर बरं.

आणखी एक. तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बॅचमधली दोन मुलं या नोव्हेंबरच्या यादीत आहेत. मी त्यांना शिकवलेलं नाही, म्हणून शिफारसपत्र तुम्हीच द्यायला हवं. द्याल का?