रेझोल्यूट ते ग्रीस फियॉर्ड: 385 किलोमीटर

कॅनडाच्या नुनावूतमधली रेझोल्यूट आणि ग्रीस फियॉर्ड ही दोन गावं हवाई मार्गाने एकमेकांपासून सुमारे 385 किलोमीटरवर आहेत. भिंतीवरच्या नकाशात हे अंतर कितीतरी जास्त वाटतं, कारण मध्ये बारा रेखांश आहेत. आपल्याकडे बारा रेखांश म्हणजे मुंबईहून थेट ओडिशातलं ब्रह्मपूर, बाराशेहून जास्त किलोमीटर. ध्रुवाकडे जाताना रेखांश जवळ जवळ येतात, म्हणून इथे तेवढ्यातच काम भागतं.

रस्ता नाहीच. मालाचं जहाज उन्हाळ्यातच येतं. एरवी भिस्त छोट्या ट्विन ऑटर विमानावर.

निघण्याआधी सामानाइतकंच आमचंही वजन झालं. त्यामागे कारण आहे: ग्रीस फियॉर्डची धावपट्टी खडीची आणि जेमतेम पाचशे मीटर लांब. विमानाचा पुढचा भाग खोक्यांनी भरला होता. दुधाचे डबे, डायपर, स्नोमोबाइलचा रबरी पट्टा, सगळं जाळीने करकचून आवळलेलं. शेजारच्या इनुइट, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, आजी मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. "कुणाकडे चाललात?" मी इंग्रजीत विचारलं. "बहिणीकडे," त्या म्हणाल्या, आणि खिडकीकडे वळल्या.

हे उत्तर मला फार लागलं, कारण ही गावं वसली कशी ते मी वाचून आले होते. 1953 आणि 1955 मध्ये कॅनडा सरकारने क्वेबेकमधल्या इनुक्जुआकहून इनुइट कुटुंबांना जवळपास दोन हजार किलोमीटर उत्तरेला आणून सोडलं. पॉन्ड इनलेट या गावातलीही काही कुटुंबं सोबत होती. शिकार मुबलक मिळेल, नको वाटलं तर दोन वर्षांनी परत नेऊ, असं सांगितलं होतं. परत नेलं नाही. आपली ताटातूट होणार, काहींना एका बेटावर आणि काहींना दुसऱ्या बेटावर उतरवणार, हे त्यांना जहाजावर चढल्यानंतर कळलं. इनुक्जुआकला रोज सूर्य उगवतो. इथे नोव्हेंबर ते जानेवारी तो दिसत नाही. सरकारने जाहीर माफी मागितली ती 2010 मध्ये. माझ्या मते ती फार उशिरा आली.

त्याच वर्षी दोन्ही गावांत स्मारकं उभी राहिली. रेझोल्यूटला सिमिओनी अमागोआलिक यांनी घडवलेला एकटा पुरुष ग्रीस फियॉर्डच्या दिशेने पाहतो. ग्रीस फियॉर्डला लूटी पिजामिनी यांनी घडवलेली स्त्री, सोबत मुलगा आणि कुत्रा, रेझोल्यूटकडे पाहते. 385 हा आकडा मला खरा कळला तो या दोन पुतळ्यांमुळे.

वाटेत डेव्हन बेट लागतं. जगातलं हे सर्वांत मोठं निर्मनुष्य बेट, खाली नुसती करडी-तपकिरी दगडी पठारं. मग उजवीकडे लांबवर हिमटोपी, म्हणजे जमीन झाकणारा बर्फाचा जाड थर, त्यानंतर जोन्स साउंड या सामुद्रधुनीचं फुटलेलं बर्फ. समोर एल्स्मिअरचे, म्हणजे ग्रीस फियॉर्ड ज्या बेटावर आहे त्याचे, डोंगर आले की वैमानिक विमान खाली घेतो आणि कड्यांच्या कुशीतच वळवतो. चाकांखाली खडी खडखडली, आणि आजींनी उठायच्या आधीच पिशवीची गाठ सोडायला घेतली.

जायचं ठरवलंत तर पुढची विमानं आणि मुक्काम यांत भरपूर मोकळे दिवस ठेवा. ढग खाली उतरले की विमान इथे उतरतच नाही, मागे फिरतं.