साडेदहा फुटी हॉल, टॉवर स्पीकर आणि टाळांची परीक्षा

घरी सिनेमा आणि संगीत ऐकायची व्यवस्था टप्प्याटप्प्याने जमवतोय. मागच्या नोंदीत डेनॉनचा एव्हीआर-एक्स१७००एच रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना वीज पुरवणारा ॲम्प्लिफायर, ठरला होता. आता टॉवरची, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरची, जोडीही घरात येऊन जागेवर बसली आहे. सेंटर (टीव्हीखालचा, मुख्यतः संवादाचा स्पीकर) आणि सबवूफर (फक्त खालच्या बेसचा, थोडक्यात सब) बाकी आहेत, पण संगीत रोज सुरू आहे आणि सिनेमेही दोनच स्पीकरवर चालू आहेत.

बजेट जोडीला सत्तर हजारांच्या आत, डेमो पीस चालेल. वापर अर्धा सिनेमा, अर्धा संगीत. संगीत म्हणजे ख्याल, अभंग, नाट्यसंगीत आणि अधूनमधून जॅझ. हॉल पंधरा बाय साडेदहा फुटांचा, छत साडेनऊ फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला स्लायडिंग खिडकी, दुसऱ्या बाजूला पॅसेजकडे उघडी जागा. पुण्यातल्या कुठल्याही टू-बीएचकेचं हे वर्णन होऊ शकेल, म्हणून आकडे जरा सविस्तर देतो.

खोलीचं गणित स्पीकरच्या यादीच्या आधी करा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा आणि त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागा. येतो तो अनुनाद, म्हणजे ज्या स्वराला खोली स्वतःच घुमवते तो. माझ्याकडे लांबीचा पहिला अनुनाद ३७.५ हर्ट्झला येतो, रुंदीचा ५४ला, उंचीचा ५९ला. शेवटचे दोन एकमेकांना चिकटूनच आहेत. त्यात आपल्या भिंती विटांच्या आणि स्लॅब काँक्रीटचा. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकून बांधलेली असतात. त्या भिंती थोड्या हलतात आणि खालचा बेस त्यांतून बराच निसटून जातो. आपल्याकडे तो खोलीतच घुमत राहतो. त्यामुळे ‘बेस कमी वाटला, मोठा टॉवर घ्या’ असं एखादा अमेरिकन परीक्षक म्हणाला, तर पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो सल्ला उलटा वाचावा. माझी खूणगाठ तिथेच पक्की झाली: आठ इंची वूफरवाले (वूफर म्हणजे बेस वाजवणारा मोठा ड्रायव्हर) सगळे टॉवर बाद.

मग बुकशेल्फच, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर, का नाही घेतले? रास्त प्रश्न. पण चांगले जड स्टँड आपल्याकडे स्वस्त नाहीत, आणि स्टँडवरचा बुकशेल्फ फरशीवर तेवढीच जागा अडवतो. शिवाय घरात लहान मूल असेल तर स्टँडच्या टोकावर ठेवलेली पेटी बघून पोटात गोळा येतो. सब आला तरी संगीत ऐकताना तो बंदच ठेवणार आहे, तिथे दोन वूफरचा टॉवर उपयोगी पडतो.

यादीत चार नावं उरली: पोल्क टी५०, जेबीएल स्टेज ए१७०, क्लिप्श आर-६१०एफ आणि बजेटच्या काठावर, डेमो पीस मिळाला तर, वॉर्फडेल डायमंड १२.३. पहिल्यांदा टॉवर घेणाऱ्यांनी एक गोष्ट बघून ठेवावी. टी५०च्या समोर तीन मोठे गोल दिसतात, पण वीज पोचते ती त्यातल्या एकाच साडेसहा इंची ड्रायव्हरला. खालचे दोन पॅसिव्ह रेडिएटर, म्हणजे आतल्या हवेने हलणारे बिनविजेचे पडदे, पोर्टच्या (पेटीतल्या हवेच्या भोकाच्या) ऐवजी बसवलेले. रचना चांगली आहे, मागे पोर्ट नसल्याचा फायदाही आहे. फक्त गोल मोजून स्पीकर घेऊ नका. ए१७०मध्ये सव्वापाच इंची दोन ड्रायव्हर आहेत आणि रचना अडीच-वे: बेस दोघे मिळून वाजवतात, आवाजाचा मधला भाग एकटा वरचा वाजवतो. आर-६१०एफमध्ये साडेसहा इंची एकच वूफर, वर हॉर्नमधला ट्वीटर (बारीक, उंच स्वरांचा ड्रायव्हर), आणि कागदावर ९४ डेसिबल संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो ते.

कागदावरचे आकडे जपून वाचा. ‘४० हर्ट्झपर्यंत’ असं लिहिलेलं असतं, पण तिथे आवाज तीन डेसिबलने उतरलाय, सहाने की दहाने, ते प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने धरते. संवेदनशीलतेचंही तसंच. ती बहुधा २.८३ व्होल्टवर मोजतात. २.८३ व्होल्ट म्हणजे आठ ओहमवर एक वॉट, पण चार ओहमवर तेच दोन वॉट होतात, म्हणजे चार ओहमच्या स्पीकरला तीन डेसिबल फुकट. जुन्या टू-इन-वनवर छापलेले पीएमपीओचे (फुगवलेल्या कमाल ताकदीचे) हजारो वॉट ज्यांना आठवतात, त्यांना हे नवीन नाही.

आता ऐकण्याबद्दल, कारण निवड खरी तिथे झाली. शोरूममध्ये बहुतेक वेळा एखाद्या ॲक्शन सिनेमातला स्फोट ऐकवतात. स्फोट सगळ्याच स्पीकरवर छान वाजतो. मी पेनड्राइव्हवर स्वतःचं साहित्य नेलं: पुरुष गायकाचा विलंबित ख्याल, टाळ-पखवाजासह अभंग, फडावर ध्वनिमुद्रित केलेली ढोलकी आणि एका मराठी नाटकाच्या चित्रीकरणातला संवाद.

टाळ ही ट्वीटरची सगळ्यात कडक परीक्षा. ट्वीटर उग्र असेल तर दहा-बारा टाळकऱ्यांचा मिळून एकच चर्रर्र आवाज होतो. चांगला असेल तर प्रत्येक जोडीचा ठोका आणि मागची लांबलेली आस वेगळी कळते. पखवाजात धुमेकडे, म्हणजे डाव्या, खोल आवाजाच्या तोंडाकडे, कान द्यायचा. तिथे कणकेचा लेप असतो, त्यामुळे थाप गोल, खोल पडते आणि पटकन मिटते. ती मिटली नाही, मागे शेपूट ओढत राहिली, तर पेटीचा किंवा पोर्टचा बेस सैल आहे. ख्यालात तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झंकारणारी गुंज, ऐकायची. गायक गात असतानाही ती मागे अखंड राहायला हवी, गायकाने श्वास घेतल्यावर अचानक उगवायला नको. नाटकाचा संवाद मी मुद्दाम अगदी हळू आवाजात लावला. घरात रात्री अकरानंतर सिनेमा तसाच बघायचा असतो.

दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. जो किंचित मोठा वाजतो, तोच कानाला सरस वाटतो. फोनवरचं डेसिबल ॲप अचूक नसतं, पण एकाच जागी धरून दोन स्पीकर जुळवण्यापुरतं चालतं. विक्रेत्याने प्रत्येक वेळी रिमोट हातात घेतला की मी तो अदबीने परत मागून घेत होतो. ‘शंभर तास वाजवा, मग खुलतील’ हेही ऐकवलं गेलं. माझं मत: स्पीकरपेक्षा आपला कान जास्त खुलतो. जे पहिल्या अर्ध्या तासात टोचतं, ते घरी नेऊ नये.

क्लिप्शचा जोम सिनेमात मला फार आवडला, आणि कमी वॉटचा ॲम्प्लिफायर असता तर कदाचित तेच घेतले असते. माझ्या कानाला मात्र त्यावर टाळ गायकाच्या पुढे येऊन बसले. पोल्क मऊ, तासन्‌तास ऐकावेत असे. वॉर्फडेलचा डेमो पीस माझ्या बजेटमध्ये बसला नाही. शेवटी ए१७० घेतले. ढोलकीचा चाटीवरचा बोल कोरडा आणि नेमका, संवाद हळू आवाजातही स्पष्ट. बेस थोडा आवरलेला आहे, या खोलीत मला तो तसाच हवा होता.

जागा ठरवायला मित्राचा यूमिक-१ हा मोजमापाचा मायक्रोफोन आणला. सोबत खोलीतल्या आवाजाचा आलेख काढणारं रूम ईक्यू विझार्ड, ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सुरुवातीला स्पीकरची समोरची फळी मागच्या भिंतीपासून ५५ सेंटीमीटरवर होती. भिंतीवर आपटून परतणारा आवाज थेट आवाजाला छेद देतो आणि तिथे आलेखात खड्डा पडतो, तो पाव तरंगलांबीवर: ३४३ भागिले चार गुणिले ०.५५, म्हणजे १५६ हर्ट्झ. हा बरोबर काळी दोन या पट्टीचा षड्ज! काळी एकचा १३९ला असतो, तोही त्याच खड्ड्याच्या उतारावर. पुरुष गायक बारीक अंगाचा वाटत होता, त्याचं कारण आलेखात समोरच दिसलं. फळी ८५ सेंटीमीटरवर आणली, तसा खड्डा १०१ हर्ट्झकडे सरकला, काळी एकच्या मंद्र पंचमाच्याही जरा खाली. गाण्यात तिथली वस्ती विरळ. तानपुऱ्याची पंचमाची तार त्या भागात येते खरी, पण तिचा जीव वरच्या स्वरांशांत असल्याने कानाला काही कमी पडत नाही. गायक पुन्हा अंगापिंडाने भरला.

या तीस सेंटीमीटरांसाठी टीव्ही युनिट आणि घरच्यांची मर्जी, दोन्ही सरकवावी लागली. पैकी युनिट हलकं होतं.

खाली कडप्प्याचे दोन तुकडे घातलेत, ओट्याच्या कामातून उरलेले. आवाज सुधारतो म्हणून नाही. स्पीकरची पेटी एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) असते आणि आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. पाणी लागून एमडीएफची कड एकदा फुगली की फुगली. कडप्पा आणि त्यावर रबरी पाय, एवढ्याने ती काळजी मिटली. वायर पिंपरीच्या फिनोलेक्सची, तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची. सहा मीटरच्या अंतराला याहून महागडी वायर कशाला हवी, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

ऑडिसी, म्हणजे रिसीव्हरमधली खोली मोजून आपोआप जुळवणी करणारी सोय, चालवल्यावर रिसीव्हरने टॉवर ‘लार्ज’ ठरवले, म्हणजे सगळा बेस यांच्याच माथी. सध्या सब नाही, म्हणून तसंच ठेवलंय. सब आला की ‘स्मॉल’ आणि ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा बेस सबकडे. टॉवरला ‘स्मॉल’ म्हणणं अनेकांच्या जिवावर येतं, पण त्याचा अर्थ एवढाच की खालचं काम दुसरा करेल.

ताकदीचं म्हणाल तर ८८ डेसिबलचा स्पीकर धरा, सोफा २.८ मीटरवर. अंतराचे नऊ डेसिबल वजा, दुसऱ्या स्पीकरचे तीन मिळवा: एका वॉटला ८२. सोळा वॉटला ९४ झाले, आणि त्याआधीच वरच्या मजल्यावरून फोन येतो. रिसीव्हर दोन चॅनेलवर ८० वॉट देतो, म्हणजे पुरून उरतो.

पुढचं काम सेंटर, त्याच घराण्यातला ए१२५सी डोक्यात आहे. आडव्या सेंटरमध्ये दोन वूफर शेजारी शेजारी असल्याने कडेला बसणाऱ्याला संवादाचा काही भाग दबलेला ऐकू येतो, म्हणून आधी सोफ्याच्या दोन्ही टोकांना बसून ऐकेन, मगच पैसे देईन. सब दहा इंची, बंद पेटीचा शोधतोय. ५४ आणि ५९चं जोडपं कोपऱ्यात ठेवलेल्या सबने नक्की चवताळणार, त्यामुळे तो आधी सोफ्यावर ठेवून, खोलीभर रांगत बेस जिथे सर्वांत समतोल ऐकू येईल ती त्याची जागा शोधायची आहे. साडेदहा फुटी हॉलमध्ये कोणी बंद पेटीचा सब वापरत असेल, तर तो कुठे ठेवलाय ते मापांसह कळवा.