पलाशिका आणि नहम

लेक अमेरिकेत युटाला राहायला गेली, तिथल्या शेजारच्या आजींशी तिचं छान जमलंय. आजी मॉर्मन, म्हणजे तिथल्या एका ख्रिस्ती पंथाच्या. परवा फोनवर विचारत होती, "बाबा, यांचा ग्रंथ म्हणे सोन्याच्या पत्र्यांवर होता, कड्यांत ओवलेल्या. असं कोण लिहितं?"

म्हटलं, अगं, आपल्या खानापूर तालुक्यात लिहीत होते की! हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले. असा एक पट मी एका संग्रहालयात काचेला नाक लावून पाहिलाय. डाव्या अंगाला भोक, त्यात कडी, कडीवर राजमुद्रा. कडा मुद्दाम उचललेल्या, एकावर एक पत्रा ठेवला तरी अक्षर घासू नये म्हणून. जेरुसलेमला केतेफ हिन्नोमच्या थडग्यात १९७९ साली चांदीच्या कोरीव गुंडाळ्या निघाल्या, त्या तर इ.स.पू. ६०० च्या आसपासच्या. म्हणून 'पत्र्यांवर कोणी लिहीत नसे' ही टीका मला लंगडी वाटते.

त्याहून मोलाचं आहे नहम. १८३० साली छापलेल्या 'बुक ऑफ मॉर्मन' या त्यांच्या ग्रंथात लेही नावाच्या संदेष्ट्याचं कुटुंब इ.स.पू. ६०० च्या सुमारास जेरुसलेम सोडून अरबस्तानातून जातं. वाटेत सोबतचा इश्माएल वारतो, त्याला नहम नावाच्या जागी पुरतात. येमेनात मारिबच्या बरआन मंदिरात जर्मन संशोधकांना दगडी वेद्या मिळाल्या. वेदी वाहणारा बिअथ्तर, सवादचा मुलगा, न-ह-म टोळीचा. काळ इ.स.पू. सातवं-सहावं शतक. टीकाकार म्हणतात, लेखात स्वर नाहीत, म्हणजे उच्चार नहमच असेल असं नाही, आणि अठराव्या शतकातल्या युरोपीय नकाशांत हे नाव होतंच. खरं आहे. तरी मुलूख जुळतो, काळ जुळतो. मी हा पुरावा धरतो.

पण तो साक्ष देतो अरबस्तानाची. ग्रंथातली बहुतेक कथा अमेरिकेत घडते. तिथे घोडे आहेत, पोलाद आहे, आणि त्या काळच्या अमेरिकेच्या मातीत या गोष्टी मिळत नाहीत. हलशीचं तसं नाही. पटात 'पलाशिका' हे हलशीचं जुनं नाव आहे, मृगेशवर्मा या कदंब राजानं तिथं जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधल्याची नोंद आहे, आणि गाव आजही त्याच नावाच्या बदललेल्या रूपानं नांदतंय.

आमच्या सीमाभागात जुना लेख निघाला की तो मराठीचा की कानडीचा, हेच आधी विचारतात. तरुणपणी मीही त्यावरून भांडलोय. हलशीचे पट संस्कृतात आहेत. ते शेताची, देवळाची गोष्ट सांगतात, तेवढीच ऐकायची, हे समजायला मला फार वर्षं लागली. लेकीला हेच सांगितलं, आजींनाही सांग म्हटलं. नहम त्यांनी अभिमानानं दाखवावं.

आजींना आता हलशी बघायचीय. रविवारी जाऊन गावाच्या पाटीचा फोटो पाठवतो. पाटी कानडीत आहे, लेक वाचून दाखवेल.