‘आज नको’चा रकाना : आमच्या गॅरेजची वाटचाल

आमच्या एस्टिमेटच्या कागदावर तीन रकाने असतात. ‘आत्ता करा’, ‘पुढच्या वेळी बघू’ आणि ‘आज नको’. तिसऱ्या रकान्याची या धंद्यातल्या मंडळींनी बरीच टिंगल केली. गिऱ्हाईक स्वतःहून पैसे द्यायला तयार असताना त्याला परत पाठवायचं म्हणजे काय, असा त्यांचा सवाल. पण आमचं गॅरेज टिकलं ते त्या रकान्यामुळेच. तो कसा आला हे सांगायचं तर टॅक्सीवाल्यांपासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही दोघा भागीदारांनी गॅरेज काढलं तेव्हा एकच लिफ्ट होती आणि येणारी गाडी बहुधा टॅक्सी असायची. टॅक्सीवाल्याचा हिशेब सरळ असतो. गाडी उभी राहिली की कमाई बुडाली, हप्ता मात्र थांबत नाही. तरी तो प्रत्येक गोष्टीला आगाऊ पैसे देत नसे. एअर फिल्टर बदलूया म्हटलं तर “राहू द्या दादा, झटकून लावा.” टायमिंग बेल्टची मुदत जवळ आली की मात्र तोच माणूस घासाघीस न करता किल्ली टेबलावर ठेवून जायचा. वरवर हे विसंगत वाटतं. पण त्याच्या डोक्यात दोनच प्रश्न असत: हे बिघडायचं झालं तर आधी सांगून बिघडेल का? आणि बिघडताना आणखी काय काय घेऊन जाईल? इंजिनाच्या देखभालीवर कधी पैसे टाकायचे याबद्दल आम्ही पुढे जे काही शिकलो ते या दोन प्रश्नांच्या पोटातलंच आहे.

एअर फिल्टरबाबत तर त्यांचं म्हणणं प्रयोगशाळेतही बरंचसं खरं ठरलं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवर चाचण्या घेतल्या. फिल्टर तुंबला तरी ॲव्हरेज फारसं पडत नाही, पिक-अप तेवढा मंदावतो, असं त्यात दिसलं. कारण हवा कमी आली की इंजिनाचा संगणक इंधनही त्याच मापात कमी सोडतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं गणित वेगळं होतं, आणि ‘फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल’ हे वाक्य त्या काळातून तसंच चालत आलंय. फाटलेला किंवा नीट न बसलेला फिल्टर मात्र लगेच बदलायचा. धूळ आत गेली की रिंगा आणि सिलिंडर घासतात, आणि ते काही झटकून भरून येत नाही.

आता टायमिंग बेल्ट. यावर जरा थांबतो, कारण आगाऊ पैसे द्यावेत असं ठामपणे सांगावं अशा ज्या थोड्या गोष्टी इंजिनात आहेत त्यांत हा पहिला. बेल्ट रबराचा, आत काचतंतूंच्या दोऱ्या. क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह म्हणजे हवेच्या झडपा उघडणारा दांडा) यांचा मेळ तो राखतो. बऱ्याच इंजिनांत पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेतच उभा असतो. वेळ जुळलेली असते म्हणून दोघांची गाठ पडत नाही. बेल्ट तुटला किंवा काही दात सरकला की पडते. व्हॉल्व्ह वाकतात, गाइड फुटतात, कधी पिस्टनला खड्डा पडतो. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व्हचं झाकण, उतरवल्याशिवाय गत्यंतर नसतं. आणि तुटण्याच्या आधीच्या क्षणापर्यंत गाडी झकास चालत असते. आवाज नाही, दिवा नाही. “गाडी तर लोण्यासारखी चालतेय, उघडायची कशाला?” हे वाक्य आम्ही सगळ्यात जास्त ऐकलं असेल ते बेल्टच्या बाबतीतच.

त्यामुळे आम्ही बोलण्याऐवजी दाखवायला लागलो. बऱ्याच गाड्यांत वरचं प्लॅस्टिकचं कव्हर चार क्लिपा काढल्या की निघतं. गिऱ्हाईकाला शेजारी उभं करायचं, बेल्ट बोटाने थोडा वळवायचा आणि दातांच्या मुळाशी टॉर्च मारायची. तिथे बारीक तडे दिसतात, कडेला सुटलेले धागे दिसतात. सगळ्यात वाईट म्हणजे ओला, चकाकणारा पट्टा. ती चकाकी म्हणजे कॅमच्या सीलमधून ऑइल झिरपतंय, आणि साध्या बेल्टला ऑइल लागलं की तो मुदतीपर्यंत थांबत नाही. आणखी खाली वॉटर पंपाला एक बारीक भोक असतं. त्याच्याखाली गुलाबी किंवा हिरवट, वाळून खडा झालेला ओघळ दिसला की पंपाचं सील गेलं समजायचं. ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं, ही गोष्ट लोकांना फार आवडते.

उलट मात्र खरं नाही. कोरा दिसणारा बेल्ट धड असेलच असं नसतं. नव्या मिश्रणाच्या रबराला वरून तडे जात नाहीत, आतल्या दोऱ्या थकलेल्या असतात. म्हणून मुदत पाळायची ती मॅन्युअलमधली: किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल ते. कुठे 60,000 किलोमीटर, कुठे त्याच्या दुपटीहून जास्त; शेजाऱ्याच्या गाडीची मुदत आपल्या गाडीला लावू नये. बेल्टबरोबर त्याला ताणून धरणारा टेन्शनर, वाट दाखवणारी आयडलर पुली आणि बेल्टवर फिरणारा वॉटर पंप आम्ही त्याच वेळी बदलतो. पंप चांगला असला तरी. इथे आमचा ‘आज नको’ लागू होत नाही, कारण या कामात सुट्या भागांपेक्षा मजुरी मोठी आणि वर्षभराने पंप गळला तर तीच मजुरी पुन्हा भरावी लागते.

बेल्टऐवजी चेन असलेल्या गाड्यांना ठरावीक मुदत बहुधा नसते, पण चेन ऑइलवर जगते. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर पहिले काही क्षण खडखड येत असेल तर चेन किंवा तिचा टेन्शनर बोलतोय. म्हणजे चेन आधी सांगते, बेल्ट सांगत नाही. काही नव्या इंजिनांत बेल्टच ऑइलमध्ये बुडालेला असतो. तिथे चुकीच्या ऑइलने रबर सुटतं आणि ते कण ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. अशा काही इंजिनांच्या बेल्टची मुदत उत्पादकांनी नंतर कमी केली, तेव्हा जुनं मॅन्युअल हाताशी असलं तरी ताजी मुदत विचारून घ्यावी.

टॅक्सीच्या जोडीला घरगुती गाड्या यायला लागल्या आणि त्यांच्या मागोमाग केमिकलवाले आले. इंजिन फ्लश (केमिकलने आतून धुणं), डिकार्बनायझिंग (काजळी काढणं), इंजेक्टर क्लीनिंग, सगळं एका पॅकेजमध्ये, प्रत्येक सर्व्हिसला. त्यात नफा उत्तम असतो, आणि गिऱ्हाईकालाही काहीतरी ‘आगाऊ’ केल्याचं समाधान. आम्ही ते ठेवलं नाही. कारण तत्त्वाचं नव्हतं, कामाचं होतं. ज्या इंजिनात इंधन इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत, फवारलं जातं तिथे व्हॉल्व्हची पाठ त्या फवाऱ्याने धुतलीच जाते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं, पाठ धुतली जात नाही, तिथे काजळी खरोखर साचते. पण तीसुद्धा टाकीत बाटली ओतून निघत नाही, कारण ते इंधन त्या व्हॉल्व्हवरून जातच नाही! मॅनिफोल्ड (हवेच्या नळ्यांचा जोड) काढून हाताने किंवा अक्रोडाच्या टरफलाच्या भुशाचा मारा करून काढावी लागते, आणि लक्षणं दिसल्यावरच काढावी. फ्लशबद्दल तर बऱ्याच उत्पादकांचा विरोधच असतो. जुन्या इंजिनातला गाळ सुटून जाळीत अडकला तर बरं चाललेलं इंजिन आपण हाताने बिघडवलं.

आमच्या एका गिऱ्हाईकाची हयात विमानांच्या देखभालीत गेली. त्यांनी आम्हाला दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट सांगितली. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये, म्हणजे समुद्रावर गस्त घालणाऱ्या विभागात, विमानांची दर 50 तासांनी तपासणी व्हायची. वॉडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाच्या गटाने, आणि गंमत म्हणजे हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, नोंदी मांडून पाहिल्या तर तपासणी झाल्यावर लगेच बिघाड वाढलेले दिसले आणि पुढे हळूहळू कमी होत गेले. चालू असलेलं उघडलं की काहीतरी हललं, सुटलं, उलटं बसलं. पुढे 1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्याला अहवाल दिला. त्यात ठरावीक आयुष्य भरल्यावर बदलून फायदा होईल असे विमानाचे भाग 11 टक्केच निघाले. गाडी म्हणजे विमान नव्हे, हे कबूल. इंजिनातले बेल्ट, प्लग, रबरी होज, कूलंट, ऑइल हे वापराने आणि वयाने झिजतात, त्यांना मुदत हवीच. पण बाकीच्या भागांना तारीख लावण्यात अर्थ नाही, तपासत राहावं. तिसरा रकाना कागदावर छापला गेला तो या गप्पांनंतर.

रकाना छापणं सोपं होतं, तो भरायला लावणं अवघड. मेकॅनिकला बिलावर टक्केवारी मिळत असेल तर तो ‘आज नको’ कशाला लिहील? तेव्हा आम्ही टक्केवारी बंद करून पगार वाढवले आणि बक्षीस लावलं ते त्याच कामासाठी गाडी परत न येण्यावर. दोन चांगली माणसं यामुळे सोडून गेली. त्यांना दोष देत नाही, दुसरीकडे कमाई जास्त होती. त्या काळात महिन्याचा गल्ला उतरला आणि भागीदाराच्या कपाळावरची आठी बरेच दिवस गेली नाही. नंतर भरून आलं ते वेगळ्याच वाटेने: ज्याला आपण एक काम नको म्हणून सांगितलं, तो दुसरं काम सांगितल्यावर फोन करून तीन ठिकाणी विचारत बसत नाही.

ऑइलबाबत आम्ही उलट कडक आहोत. गिऱ्हाईक डिपस्टिक पुसून रंग बघतं आणि ठरवतं. रंगावरून काही कळत नाही. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, ते त्याचं कामच आहे. बघायची ती पातळी. काही इंजिनं 1,000 किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खातात आणि उत्पादकाच्या लेखी ते चालण्यासारखं असतं. संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) चार लिटर आणि बदलण्याची मुदत 10,000 किलोमीटर, तर मध्ये न बघता कसं चालेल? ऑइलचा लाल दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो पेटेपर्यंत बेअरिंगांनी सोसलेलं असतं. बहुतेक मॅन्युअलमध्ये खडतर वापराचं वेगळं कोष्टक असतं, ते कुणी उघडत नाही. जवळच्या फेऱ्या, धूळ, वाहतुकीत तासन्‌तास रांगणं हे सगळं त्यात येतं. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, ओल आणि इंधन ऑइलमध्येच राहतं, झाकणाच्या आतून पांढरट चिकट थर धरतो. ‘माझी गाडी फिरतेच किती’ म्हणणाऱ्याचं ऑइल म्हणूनच लवकर बदलावं लागतं.

सांगून बिघडणाऱ्या भागांत एक गोम आहे: सांगितलेलं ऐकलं पाहिजे. प्लग झिजला की इंजिन मिसिंग करतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. दिवा स्थिर असेल तर सवडीने या, लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या, कारण न जळलेलं इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून निघतो आणि प्लगच्या किमतीत तो येत नाही. कूलंटचं तर आणखी विचित्र. गळून पार संपलं तर सेन्सर पाण्याऐवजी वाफेत लोंबकळतो आणि काटा खाली आलेला दिसू शकतो. ‘काटा उतरला म्हणून चालवत आणली’ असं सांगत लोक वाकलेलं हेड घेऊन येतात. होज आणि कूलंट यांवर मुदतीला खर्च करा असं आम्ही सांगतो ते यासाठी.

जुनी गाडी घेतलेले लोक विचारतात, आधीच्या मालकाने बेल्ट बदलला म्हणे, मग? बिल असेल तर बदलला, नसेल तर नाही. आणि गाडी लवकरच विकायची असेल तर? तिथे आम्ही हिशेब मांडून देतो: मुदत उलटायला किती अवकाश आहे, गाडीची किंमत इंजिनाच्या कामाच्या किती पट आहे. मुदत लांब असेल तर ‘आज नको’. मुदत उलटलेली असेल आणि मालक नाही म्हणाला तर जॉब कार्डावर तसं स्वच्छ लिहितो, म्हणजे घेणाऱ्याला वाचता येईल. एक-दोघांना हे खटकलं. खटकू दे.

अलीकडे हायब्रिड गाड्या वाढल्यात आणि तिथे किलोमीटरचा आकडा ऑइलच्या कामाचा राहिला नाही. इंजिन प्रवासात अनेकदा आपोआप बंद होतं, पुन्हा सुरू होतं, आणि शहरात पुरतं गरम होतंच असं नाही. त्यांचं ऑइल आम्ही तारखेवर धरतो. काही मॉडेलांत मागच्या सीटपाशी बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी असते, कुत्र्याचे केस आणि धूळ तिथे गच्च बसतात. ती साफ करायला ना सुटा भाग लागतो ना केमिकल, आणि ते काम आम्ही पहिल्या रकान्यात लिहितो.