तांडेलाचा उजवा डोळा

वाशीतल्या आमच्या दवाखान्यात जूनपासून कोळीवाड्यांतली माणसं जास्त दिसू लागतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे वर्षभर ढकललेली दुखणी तेव्हा बाहेर पडतात. दिवाळे गावचे हे काका असेच आले. करंजाच्या बोटीवर तांडेल म्हणजे बोटीचे प्रमुख, साखर जुनी, आणि तक्रार एकच: "उजव्या डोळ्यासमोर जाळी नाचते, मॅडम."

तक्त्यावरची अक्षरं त्यांनी शेवटपर्यंत वाचली. पण आत पाहिलं तर डोळ्याच्या नसेच्या तोंडावर नव्या रक्तवाहिन्यांचा गुंता आणि खाली थोडं रक्त सांडलेलं. अशा डोळ्यात इंजेक्शनंही चालतात, पण ती वेळच्या वेळी घ्यावी लागतात. मधेच थांबलेल्या रुग्णाचा डोळ्यातला पडदा (रेटिना) सुटून आलेला मी पाहिला आहे. समुद्रावर जाणारा माणूस दर महिन्याला येईल यावर मी विसंबणार नव्हते. म्हणून लेसर.

डोळ्यावर भिंग टेकवून सुरुवात केली. आमचं यंत्र ५३२ नॅनोमीटरचं, हिरवा किरण. हा किरण पडद्याच्या पारदर्शक थरांतून जवळजवळ न अडता जातो आणि त्यामागच्या रंगद्रव्यपेशींच्या एकपदरी थरातलं मेलॅनिन तो शोषून घेतं. उष्णता तिथून पसरते आणि त्या थराला टेकलेल्या, प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी-शंकुपेशी मरतात. मला दिसतो तो फक्त करडा-पांढुरका ठिपका.

"म्हणजे जाळताय ना?" हनुवटी टेकवलेल्या अवस्थेतच काकांनी विचारलं. भाच्याने मोबाईलवर काहीतरी दाखवलेलं असणार.

हो म्हणाले. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. साखरेने बारीक रक्तवाहिन्या बुजतात, पडद्याचा आतला भाग उपाशी राहतो आणि व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून नव्या वाहिन्या मागवतो. त्या वाहिन्या कच्च्या, फुटणाऱ्या. आणि दंडपेशी तर शरीरातल्या सगळ्यात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या पेशींपैकी. कडेच्या काही मारल्या की मागच्या रक्तपुरवठ्यातला ऑक्सिजन आतपर्यंत पोचतो आणि मागणी थंडावते.

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बोटीवर पाणी कमी, खलाशी जास्त. चार जणांना धक्क्यावरच उतरवायचं."

इतक्या वर्षांत मला हे इतकं नेमकं सांगता आलेलं नाही.

तीन आणि नऊच्या काट्यांच्या दिशेला मोठ्या नसा जातात, तिथे ते दचकले. शक्ती कमी केली, मधला मॅक्युला, म्हणजे बारीक नजरेचा भाग, अर्थातच सोडला, आणि उरलेलं काम पुढच्या बैठकीवर टाकलं. एकदम सगळं उरकलं तर मॅक्युलाला सूज येऊ शकते.

डॉक्टरचं काम इथे संपतं, पेशींचं सुरू होतं. मेलेल्यांच्या कडेच्या रंगद्रव्यपेशी चपट्या होतात, सरकतात, विभागतात आणि भोक बुजवतात. पडद्याला आधार देणाऱ्या म्युलर पेशी व्रण बांधतात. दोन्ही बैठका झाल्यावर काही आठवड्यांनी पाहिलं तर ठिपक्यांभोवती तपकिरी कडा उमटलेल्या आणि नसेवरचा गुंता सुकून दोऱ्याएवढा राहिलेला. रुग्णाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसते ती मोजावी लागलेली किंमत.

"रातच्याला अंधारात नजर बसायला वेळ लागतो," काका म्हणाले. हे आधी सांगितलं होतं, अंधारात दिसतं ते दंडपेशींमुळे आणि कडेला त्याच जास्त असतात. पण रात्री जाळं सोडणाऱ्या माणसाला ते सांगणं सोपं नव्हतं आणि ऐकणं तर नव्हतंच.

डाव्या डोळ्यातही नव्या वाहिन्यांची सुरुवात होती. काकांचं म्हणणं, तो नारळी पौर्णिमेनंतर बघू, पहिली फेरी मारून येतो. मी ठाम नाही म्हणाले. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: डाव्या डोळ्याच्याही दोन बैठका, दोन्ही बंदी उठायच्या आत, आणि या हंगामात रात्रीचं सुकाणू भाच्याकडे. भाच्याला विचारलं नव्हतं. तो बाहेर बाकड्यावर बसून मोबाईल बघत होता.